चरातली दोन हात जागा

त्या दिवशी सकाळी तळेगाव ढमढेरेहून जीपच्या मागे लोंबकळत निघालो, तेव्हा मी भलताच खुशीत होतो. शिरूर तालुक्यातल्या एका गावाच्या माळावर माझ्या हातची पहिली रेष पडणार होती... दोन हजार साल उलटून एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. वय तेवीस, कृषी पदविका खिशात, आणि एका संस्थेच्या पाणलोटाच्या कामावर फील्ड वर्कर म्हणून लागून जेमतेम दोन महिने.

काम तसं साधं होतं. माळाच्या उतारावर आडवे चर खणायचे, म्हणजे पावसाचं पाणी पळून न जाता तिथंच मुरतं. चर कुठून जाणार ते ए-फ्रेमनं ठरवायचं... तीन काठ्यांचा ए, मधोमध दोरीला लोंबणारा दगड. दोरी खुणेवर आली की तिथं पांढरी फक्की टाकायची. ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट घोटून घेतली होती, रेष वर-खाली सरकवायची नाही.

आणि संध्याकाळी देवळापुढं माझं भाषण! माती म्हणजे आई, झाड म्हणजे लेकरू वगैरे वगैरे. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

गाव श्रमदानाला तयार झालं, त्याचं बरंचसं श्रेय बिरू आप्पांचं. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारं घर, आता दोन एकरांवर स्थिरावलेलं. माळाचा कोपरान् कोपरा त्यांच्या पायाखालचा. एक माणूस पुरेसा असतो कधी कधी... आप्पा फावडं घेऊन निघाले, तसे बाकीचे त्यांच्या मागून आले.

खणायच्या दिवशी प्रत्येक घराला रेषेचा एकेक तुकडा वाटून दिला होता. पहिल्याच तुकड्यात कडुलिंबाचं वीतभर रोप आडवं आलं. मी सगळ्यांना थांबवलं, रोपाभोवती दोन हात जागा सोडली, आणि एक जीव वाचला म्हणून पुन्हा एक भाषण ठोकलं. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आप्पा ते बघत होते. थोड्या वेळानं ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "सायेब, माझ्या वाटच्या रेघंतबी दोन हात जागा सोडा की."

मी तिथं जाऊन पाहिलं. झाड नाही, झुडूप नाही, नुसते चार-पाच दगड रचलेले. कशासाठी सोडायची, विचारलं आप्पांना. त्यांची सून शांता जवळच पाटी घेऊन उभी होती, तिच्याकडे एकदा पाहिलं त्यांनी आणि मान खाली घातली.

मला वाटलं, म्हातारा अंगचोरपणा करतोय. आणि मला काय, माईक नसतानाही माईक हातात असल्यासारखं बोलायची सवय लागलेली... "आप्पा, पाणी कुणाची भीडभाड ठेवत नाही. तुम्हाला सोडलं, तर उद्या सगळेच म्हणतील, आम्हालाही सोडा!" चाळीस माणसांसमोर बोललो हे. दोघं-तिघं खाली बघायला लागले. त्यांना माहीत असणार, आता कळतंय. तेव्हा वाटलं, माझं पटलं त्यांना.

आप्पा हलेनात, तेव्हा मीच कुदळ उचलली. दगड बाजूला भिरकावले. बाकीच्या माळावर मुरमानं हाताला फोड आणले होते, इथं मात्र कुदळ सरळ आत जात होती. दीड फूट खाली गेलो आणि हसत म्हणालो, "बघा आप्पा, किती मऊ माती आहे! उगाच घाबरत होतात."

शांताच्या हातातली पाटी खाली पडली. ती मटकन तिथंच बसली... त्या खड्ड्याच्या कडेला, पदर तोंडात कोंबून.

आप्पा म्हणाले, "मऊ असनारच सायेब. आमीच खांदली व्हती. नात हाय तितं. सा म्हैन्याची."

माझ्या हातात कुदळ तशीच. आमच्याकडं तान्ही लेकरं पुरतात, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्याच घरात एक भाऊ तान्हा असताना गेलेला. फक्त तिथं कुणाचं काही आहे का, हे विचारायचं डोक्यात आलं नाही... विचार केला तो रोपाचा!

आप्पा गुडघ्यावर बसले आणि हातांनी माती आत लोटायला लागले. मीही बसलो. भिरकावलेले दगड शोधून आणले, एक काही केल्या सापडेना, तो शोधत मी किती वेळ फिरलो देव जाणे. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी माझा खांदा धरला. "तुमाला ठावं न्हवतं," एवढंच म्हणाले. मग उठून त्यांनी आपला उरलेला तुकडा अंधार पडायच्या आत खणून पुरा केला.

एक फूट अजून खाली गेलो असतो तर... तेवढं वाचलं, त्याबद्दल त्या दगडांपुढं मनातल्या मनात हात जोडतो.

शांता पुन्हा माळावर आली नाही. मी गावात असेपर्यंत समोरून दिसली की वाट बदलायची. कडुलिंबाचं ते रोप त्याच उन्हाळ्यात वाळून गेलं.

महिन्याभरानं आमचे सुपरवायझर पाहणीला आले. रेषेवरून चालत चालत आप्पांच्या तुकड्यातल्या त्या दगडांपाशी थांबले. "इथं चर का तुटलाय?"

"खडक लागला, सर," मी म्हणालो.

खोटं बोललो, त्याचं मला काहीच वाटत नाही. पुढं बरीच वर्षं हे काम केलं, आणि फक्की हातात घेण्याआधी त्या घरच्या माणसाला बाजूला नेऊन विचारायला शिकलो. पण आप्पांना ते सुनेसमोर, साऱ्या गावासमोर, तोंडानं बोलायला लावलं... ते काही केल्या बुजत नाही.