वाट न देणाऱ्या बकऱ्या

सहदेव सरकटे एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढले. अमडापूरच्या शिवारात त्यांचा पाय लागला नाही असा जुना खांब शोधून सापडायचा नाही. खालून कोणी कितीही ओरडून सांगो, "लाइन बंद हाय भाऊ, लावा हात," सहदेवभाऊ आधी स्वतः तपासत आणि मगच पक्कड काढत. बरोबरीचे लाइनमन या सवयीला हसायचे. त्यांतल्या एकाचा हात कोपरापासून गेला, तेव्हापासून कोणी हसलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांचा दिवस बाजारओट्यावर जाऊ लागला. ओट्याच्या एका फरशीवर कोणा जुन्या माणसानं छिन्नीनं वाघबकरीचा पट कोरलेला आहे. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. बकऱ्या एकेक करून पटावर यायच्या, वाघानं रेघेवरून उडी मारून त्या खायच्या. सहा खाल्ल्या की वाघ जिंकला. तिन्ही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या. वाघ म्हणून चिंचोके, बकऱ्या म्हणून खडे. एवढ्याशा सामानावर माणसं दुपार घालवतात.

सहदेवभाऊ वाघ घेत. त्यांचे वाघ कोंडणारा माणूस तालुक्यात नाही, असं लोक म्हणत. चिखलीहून, मेहकरहून कोणी खेळणारा आला की त्याला त्यांच्यापुढेच बसवत. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ओट्यावरचा हा मान त्यांना पेन्शनहून मोठा वाटे. बायको महामायाबाई तेवढ्या टोचून बोलत. "घरचा नळ आठ दिसांपासून गळून राह्यला, अन् हे तिकडं वाघ राखून राह्यले!"

ओट्याच्या समोर रज्जाकभाईंचं गादीचं दुकान. रज्जाक सहदेवभाऊंपेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण जोडी जुनी. कापूस पिंजून, गाद्या टाचून झाल्या की तेही केसांवरचा कापूस झटकत ओट्यावर येऊन बसत. त्यांची मुलगी आलिमा चिखलीला संगणक शिकली आणि आता दुकानामागच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी काम करते. ती कंपनी मोबाईलवरचे डावपेचाचे खेळ बनवते. माणूस एकटा खेळायला बसला तर समोरून खेळणारा कोणी हवा. तो संगणकातला गडी घडवणं हे आलिमाचं काम.

वाघबकरीचा खेळ करावा, ही कल्पना तिचीच. त्यासाठी तिनं पटाच्या प्रत्येक सांध्याला आकडा दिला आणि तीन वर्षं ओट्यावरचे डाव वहीत उतरवले. तारीख, खेळणाऱ्यांची नावं, मग चाली. एकोणीसशे डाव झाले.

सहदेवभाऊंनी एकदा तिला विचारलं होतं, "पण तू त्या डब्याले शिकवतं कसं?"

"शिकवत नाही काका. नियम तेवढे सांगते अन् डाव दाखवते. पाहून पाहून त्याच्या आतल्या आकड्यांची जाळी हळूहळू बसत जाते. लहान लेकरू घरच्यांचं ऐकून ऐकून बोलाले लागते, तसं."

"म्हंजे आमच्यासारखंच खेळन?"

"हाव. तुमच्यासारखंच."

यंदा पोळा झाल्यावर गडी तयार झाला. आलिमानं टॅब आणून सहदेवभाऊंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी वाघ घेतले, संगणकानं बकऱ्या. ओट्यावरचे सगळे वाकून पाहू लागले. संगणकाच्या बकऱ्या कडेकडेनं आल्या, मग मधे दाटल्या. दोन वाघ कोंडून बसले. तिसऱ्याला एकच रेघ उरली, आणि ती बंद करायची सोडून संगणकानं एक बकरी उगीच बाजूला सरकवली. वाघ सुटला. चार चालींत सहदेवभाऊ जिंकले. ओट्यावर हशा पिकला. दुसऱ्या डावात पुन्हा तसंच झालं.

सहदेवभाऊ हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

आलिमा ओशाळली. "महिना झाला काका, हीच चूक शोधून राह्यली मी. पुण्यावाले म्हणतात, जिंकत आला की गडी ढिला पडतो. कुठं बिघडलं तेच समजत नाही."

"बिघडलं नाही बेटा," सहदेवभाऊ म्हणाले. "हे वाट देऊन राह्यलं."

ओट्यावरची ती रीत कुठं लिहिलेली नाही. समोरचा वयानं मोठा असेल किंवा परगावचा पाहुणा असेल, तर कोंडी पुरी होण्याआधी एकदा बकरी बाजूला करायची आणि वाघाला बाहेर पडू द्यायचं. देणाऱ्यानं सांगायचं नाही, घेणाऱ्यानं विचारायचं नाही. सहदेवभाऊंनी तरुणपणी कितीक म्हाताऱ्यांना अशी वाट दिली होती. आलिमा तीन वर्षं त्या चाली वहीत उतरवत राहिली आणि माणूस आहे, चुकतो, असं समजत राहिली. गड्याला तिनं वहीतल्या चाली तेवढ्या दाखवल्या होत्या. समोर कोण बसलंय, त्याचं वय काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणून तो येईल त्याला वाट देत सुटला.

"याले तं अदब आली रे!" रज्जाकभाई म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला.

सहदेवभाऊ मात्र उठले. घरी गेले, जेवायला बसले, आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांचा हात थांबला. ओट्यावर सगळ्यात मोठं कोण? त्या एकोणीसशे डावांत वाट दिली गेली, ती कोणाला?

"भाजीत मीठ जास्त झालं का?" महामायाबाईंनी विचारलं.

"नाही. भाजी बराबर हाय."

दुसऱ्या दिवशी ते ओट्याकडे न वळता थेट दुकानात शिरले. "आलिमा, माह्या नावाचे डाव काढ. मी वाघ घेतलेले. जितलो किती, अन् त्यातले वाटेनं किती, ते मले सांग."

आलिमानं बापाकडे पाहिलं. रज्जाकभाई गादीत खुपसलेली सुई तशीच धरून बसले होते.

"काऊन पाह्यता काका? जुन्या वह्या त्या..."

"काढ बेटा."

तिला वेळ लागला नाही, वह्या नावांसकट तिच्या संगणकात होत्याच. आकडे तिनं दोनदा मोजले. "दोनशे बारा डाव. एकशे एकाहत्तर जितले, बाकीचे अर्ध्यावरच राह्यले."

"अन् वाटेनं?"

"एकशे चार."

दुकानात कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते. सहदेवभाऊ त्यांच्याकडेच पाहत होते. मग रज्जाकभाईंकडे न पाहता त्यांनी विचारलं, "कवापासून, रज्जाक?"

"जाऊ द्या ना भाऊ."

"कवापासून?"

"तुमचा रिटायरमेंटचा हार झाला ना... त्याच्या दुसऱ्या दिसापासून." रज्जाकभाईंचा आवाज खाली गेला. "तुम्हाले वाटलं नाही कधी?"

वाटलं नव्हतं. समोरचे चुकतात, असंच त्यांना वाटत आलं होतं. आपण म्हातारे झालो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या रीतीत कोणी सांगायचंही नव्हतं.

आठ दिवस ते ओट्यावर गेले नाहीत. नळ दुरुस्त केला. माळ्यावरच्या जुन्या तारा सोडवून पुन्हा गुंडाळल्या. महामायाबाई चिंतेत पडल्या. "मी सहज बोलली होती हो नळाचं. जाऊन या ना ओट्यावर."

नवव्या दिवशी ते आलिमाकडे गेले. "वाट न देणारा गडी करता येते का तुले?"

"तेच करून राह्यली काका. या वह्या बाजूला ठेवल्या. नवीन गड्याले नुसते नियम सांगितले अन् त्याचा त्याच्याशीच खेळाले सोडला. लाखो डाव खेळला तो. कोणाचा डाव पाह्यला नाही त्यानं."

"म्हंजे आमची रीत त्याले माहीत नाही."

"कोणतीच नाही."

"दे मग."

रज्जाकभाईंच्या दुकानातल्या रिकाम्या गादीवर ते बसले. नव्या गड्याच्या बकऱ्या कधी कोणी मांडल्या नसतील अशा मांडल्या जात होत्या. कडा सोडून विखुरलेल्या, वेड्यासारख्या. त्यानं दोन बकऱ्या अगदी वाघाच्या तोंडात ठेवल्या. सहदेवभाऊंनी त्या खाल्ल्या आणि मग ध्यानात आलं की त्या खाण्यासाठीच वाघ कोपऱ्यात गेले. दोन कोंडले गेले, तिसऱ्याला एकच रेघ उरली. आता बकरी सरकेल म्हणून ते वाट पाहत राहिले नाहीत, तरी बोट पडद्यावर थोडं थांबलंच. बकरी सरकली नाही, ती रेघही बंद झाली.

"वा," ते म्हणाले. निवृत्तीनंतरच्या बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणी सरळ हरवलं होतं.

मग रोज दुपारी ते यायचे, हरायचे, आणि जाताना त्या दिवसाची एखादी चाल डोक्यात घेऊन जायचे. पहिल्या आठवड्यात अठरा-वीस चालींत संपणारे डाव महिन्याभरात पन्नास चालींपर्यंत गेले. जिंकले एकदाही नाहीत. आलिमा म्हणाली, "काका, यातून तुम्हाले काय भेटते?"

"हा मले ओयखत नाही," सहदेवभाऊ म्हणाले. "लय बरं वाटते."

पण मनातला प्रश्न तिथं सुटणारा नव्हता. संगणकाकडून सगळेच हरत होते, पुण्याचेही. माणसांत आपण कुठं आहोत, हे त्यांना पाहायचं होतं. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी, नमाजहून आलेल्या रज्जाकभाईंना त्यांनी ओट्यावर गाठलं. पटावर चिंचोके मांडले.

"पाच डाव. वाट द्यायची नाही."

"भाऊ, माह्या हातून व्हाचं नाही ते. सवय झाली."

"मंग सवय मोड. वाट देली तं मी उठून जाईन, अन् पुन्हा तुह्या दुकानाची पायरी चढणार नाही."

रज्जाकभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी खडे हातात घेतले. खडे पडू लागले.

पहिला डाव रज्जाकभाईंनी घेतला. शेवटचा खडा त्यांनी भाऊंकडे न पाहता ठेवला. दुसरा सहदेवभाऊंचा. तिसऱ्यात ते संगणकाकडून शिकलेली एक चाल खेळले, तोंडातली बकरी सोडून दिली, आणि रज्जाकभाई "हे कुठून आणलं बे!" म्हणून स्वतःच्याच बोलण्यावर जीभ चावून बसले. बारा वर्षांत त्यांनी भाऊंना 'बे' म्हटलं नव्हतं. सहदेवभाऊ खदखदून हसले आणि तो डावही जिंकले. चौथा पुन्हा रज्जाकभाईंचा.

पाचवा लांबला. बाजारातली गर्दी पांगली, दुकानांची शटरं खाली येऊ लागली, आलिमा वही विसरून उभी राहिली. दोन वाघ कोंडले गेले होते. पाच बकऱ्या खाऊन झाल्या होत्या. रज्जाकभाईंनी तिसऱ्या वाघाची एक रेघ बंद केली आणि दुसरी मोकळी राहिली. ती त्यांनी सोडली नव्हती, त्यांना ती दिसलीच नव्हती. सहदेवभाऊंनी त्यांच्या डोळ्यांत नीट पाहून तेवढी खात्री करून घेतली आणि उडी मारली.

"अर्रर्र!" रज्जाकभाईंनी कपाळावर हात मारला. "असा कसा सुटला!"

ती हळहळ खरी होती. सहदेवभाऊंनी ती पुरेपूर ऐकून घेतली.

"पाचात तीन," ते म्हणाले. "थोडक्यात."

"उद्या पाह्यतो तुमच्याकडं," रज्जाकभाई अजून पटाकडेच बघत म्हणाले. "उद्या बकऱ्या तुम्ही घ्या."

"हाव," सहदेवभाऊ म्हणाले आणि सहावी बकरी फरशीवरून उचलून त्यांच्या हातात दिली.