कमी आत्मविश्वासाचा गट

पुण्याहून बंगळूरला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि माझं स्वतःविषयी फार चांगलं मत होतं. पाढे तोंडपाठ, चित्रं झकास, आणि बाईंचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत माझा हात वर. नव्वदीच्या सुरुवातीला वडिलांची बदली झाली आणि जयनगरच्या एका इंग्रजी शाळेत माझं नाव घातलं. वर्गात इंग्रजी, मैदानावर कन्नड. इंग्रजी मला कळायचं, पण तोंडातून फुटायचं नाही. कन्नडच्या नावाने तर सगळाच आनंद होता. म्हणून मी मूग गिळून बसायचे आणि मनातल्या मनात सगळ्यांच्या आधी उत्तर देऊन मोकळी व्हायचे. माझ्या हुशारीबद्दल मला तेव्हाही तिळमात्र शंका नव्हती.

एके दिवशी मिसनी बोट दाखवत आमच्यातल्या काही जणांना उठवलं आणि शिवणाच्या खोलीत नेऊन बसवलं. खिडक्यांना जाळ्या होत्या. दार ओढून घेतलं. आत सुती साडीतली एक तरुण मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन उभी होती. ती मानसशास्त्र शिकत होती आणि मुलांना स्वतःबद्दल काय वाटतं हे मोजणारी प्रश्नावली तिने तयार केली होती. यादीतलं माझं आडनाव वाचून ती थांबली.

"मराठी काय गं पुट्टी तू?"

त्या शाळेत माझ्याशी मराठीत बोललेलं ते पहिलं माणूस. मला रडूच आलं.

"अय्यो, रडतेस काय! आमचं घर इथलंच, पिढ्यान्‌पिढ्या. मला अक्का म्हण. स्वल्पच लिहायचं आहे. हे नीट झालं की मी परत येते, सरी?"

मी मान हलवली. छोट्या मुलीला 'पुट्टी' म्हणणारं तिचं कानडी वळणाचं मराठी कानाला गमतीचं लागत होतं, पण ती परत यायलाच हवी होती.

मग ती आणि मिस दाराशी इंग्रजीत बोलू लागल्या. मिस म्हणाल्या, "ही सगळी माझी आत्मविश्वास नसलेली मुलं. धीट मुलं पलीकडच्या खोलीत बसवली आहेत." माझ्याकडे हनुवटीने खूण करून त्या पुढे म्हणाल्या, "हिच्यासमोर खुशाल बोला, हिला काही कळत नाही."

"मॅडम, या मुलांचे गुण कमीच यायला हवेत," अक्का म्हणाली. "त्यांचे जास्त आणि यांचे कमी आले, तरच माझी प्रश्नावली खरं मोजते असं सिद्ध होईल. नाहीतर कॉलेजातले माझे सर सगळं पुन्हा करायला लावतील. घरचे माझं लग्न आणखी थांबवणार नाहीत."

मला सगळं कळलं. मी? आत्मविश्वास नसलेली?

कागद समोर आला. 'नवीन काम मला जमतं.' जमतं की! 'माझं म्हणणं ऐकण्यासारखं असतं.' असतंच, तुम्हाला मराठी कळत नाही त्याला मी काय करू! पेन्सिल 'हो'वर टेकवली आणि तिथेच थांबले. 'हो' लिहिलं तर अक्काचं शिक्षण बुडणार, आणि ती पुन्हा यायची नाही. 'नाही' लिहिलं तर मी माझ्याच हाताने ढ ठरणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दार बंद. मला मिसचा राग आला, मग अक्काचाही आला. तिच्याकडे पाहिलं तर ती साडीचा पदर बोटाला गुंडाळत आमच्याकडे बघत होती.

मी 'नाही'वर खूण केली. पहिल्या काही खुणा मनाला फार लागल्या. नंतर हात आपोआप चालला.

कागद गोळा करताना अक्काने माझा वरून खाली वाचला आणि तिचा दमलेला चेहरा फुलला. "शाबास गं पुट्टी!" ती म्हणाली. त्या शाळेत मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

घरी आईने विचारलं, काय केलं आज शाळेत? मी म्हटलं, काही नाही. मला कुठल्या गटात बसवलं होतं, ते तिला सांगायची लाज वाटली.

त्यानंतर वर्गात मिसनी प्रश्न विचारला की मी मनातसुद्धा उत्तर देईनाशी झाले. आधी दुसरं कुणीतरी सांगू दे, मग बघू, असं वाटायचं. ज्या मुलांबरोबर मला त्या खोलीत बसवलं होतं, त्यांच्याच बाकावर मी आपणहून जाऊन बसू लागले. मिसना हे बरंच सोयीचं वाटलं असावं.

काही आठवड्यांनी अक्का खरंच परत आली. तीच खोली, तेच प्रश्न. उत्तरं दुसऱ्यांदाही तशीच येतात का, हे तिला पाहायचं होतं.

"मागच्या वेळी काय लिहिलं ते आठवू नको, पुट्टी," ती म्हणाली. "आज वाटतं तेच लिही."

मी आठवलं नाही. अक्काचाही विचार केला नाही. वाटलं तेच लिहिलं. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, बोट फिरवत ताडून पाहिले आणि आनंदाने मिसना हाक मारली. माझं एकही उत्तर बदललं नव्हतं.