गठ्ठ्याच्या पोटातली ऊब

मंजे, अशी जवळ ये बघू. फोनवर "बरी आहे मोठ्याई" एवढंच म्हणून ठेवून देतेस, ही काय रीत झाली गं? आई जाऊन महिना उलटला, तिच्याबद्दल दोन शब्द बोलायला तुला सवड नाही. म्हणून पुरवणीत लिहितेय. पेपरात आलं म्हणजे तरी वाचशील.

तुझी आई लता, माझी धाकटी जाऊ. ट्रॅक्टरमागं चाऱ्याचे गोल गठ्ठे बांधायचं बेलर मशीन लावून ती काष्टीच्या रानात उतरली, तेव्हा बांधावर माणसं जमायची. कुणी म्हणालं, "वहिनी, गठ्ठा घरंगळत अंगावर यायचा!" ही म्हणाली, "आला तर तुमच्या दारात सोडते, दावणीला बांधा." ते जुनं मशीन रुळांचं, आत चारी बाजूंनी लोखंडी लाटणी फिरायची. चारा आत सैल लोळत राहायचा, आतली जागा भरली की मगच दाब बसायचा. म्हणून गठ्ठे सगळे एकाच मापाचे, बाहेरून टणक नि पोटात भुसभुशीत. थोडी ओल राहिली तरी आत वारा खेळायचा. तरी लता कोपरापर्यंत हात घालायचीच. "काय शोधतीस गं?" विचारलं की म्हणायची, "ताप बघती."

मग तुझ्या भावानं, निलेशनं, पट्ट्यांचं मशीन आणलं. आणायला लावलं तिनंच. त्यात पट्टे पहिल्या मुठीपासून चारा आवळतात आणि गठ्ठा वाढेल तसे सैल होत जातात, हवा तेवढा झाला की थांबायचं. चारा जास्त मावतो, खरंय. पण गाभाही दगडासारखा. ओल अडकली तर वाफेला वाट नाही, आतल्या आत तापतं, कधी पेटतंसुद्धा. हात तर शिरतच नाही. म्हणून तिनं लोखंडी सळई करून घेतली. ती खुपसायची, जरा वेळानं ओढून मनगटाला लावायची.

दवाखान्यात शेवटची भेटले, तेव्हा ऑक्सिजनचा मास्क सरकवून तिनं विचारलं, "अक्का, मिरजगावच्या रानातला लसूणघास नीट वाळला व्हता का?"

"तू आधी श्वास घे."

"न्हाई, सांगा ना. गोठ्याला लागून रचलाय निलेशनं."

"बघून सांगते," म्हणाले नि घरी आले.

सळई घातली, काढली... मनगट भाजलं. निलेश पांढराफटक पडला. "मोठ्याई, वरून तर कोरडं लागत व्हतं!" गाई सोडल्या, पाण्याचा टँकर उभा केला, एकेक गठ्ठा मोकळ्या रानात नेला. मधल्या दोहोंतून धूर निघत होता. शेवटचा गठ्ठा बाहेर काढतोय तोच दवाखान्यातून तुझा फोन आला... गाई वाचल्या, एवढंच सांगायचं होतं गं तिला.

आता निलेश घास उलटून पालटून वाळवतो. सळई काढून मला दाखवतो, "गार हाय मोठ्याई." माझं मन घेत नाही. तो वळला की मी परत घालते. गार म्हणावं तर ऊब लागते, ऊब म्हणावी तर वाटतं दिवसभराच्या उन्हाची असेल. लताला एका स्पर्शात कळायचं. तूही लहानपणी तिच्याबरोबर गठ्ठ्यात हात घालायचीस, आठवतं का?

नवा घास कापून पडलाय, या आठवड्यात बांधून आत रचायचा आहे. त्याआधी ये बाई. सळई मी ओढीन, मनगट तू लाव.