गांडुळांना दात नसतात

बायकोबरोबर मी शेवटचं काम केलं ते कलिंगडाची सालं चिरायचं. गांडुळांसाठी.

लोकांच्या शेवटच्या आठवणी चांगल्या असतात. कुणी जोडीनं देवाला गेलेलं असतं, कुणी हातात हात घेतलेला असतो. आमच्या हातात विळी आणि सालं. मी मोठे मोठे तुकडे करून ढकलत होतो, कारण टीव्हीवर कुस्ती लागली होती. शालननं त्यातला एक तुकडा उचलून माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय? बारीक चिरा की! त्यास्नी दात हाईत व्हय?"

"मग मला तरी कुठं हाईत?"

"तुमास्नी कवळी हाय. त्यास्नी कवळीबी न्हाय."

मी तो तुकडा परत विळीवर घेतला. (लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, बोलण्यात एकदाही जिंकलो नव्हतो!) दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यापाशीच गेली. हार्ट. आधण आटून भांडं जळल्याचा वास आला तेव्हा मला कळलं. असो.

मी शिकलेला चौथी. सगळा जन्म कोल्हापुरात, उद्यमनगरच्या फौंड्रीत मोल्डर म्हणून मातीचे साचे करण्यात गेला. रिटायर होऊन घरी बसलो तर हिनं मागच्या सोप्यात, न्हाणीला लागून, एक निळं पिंप आडवं कापून त्यात गांडुळं पाळली. समोरच्या कांबळेबाई शाळेत शिक्षिका होत्या, त्यांनी हे खूळ तिच्या डोक्यात घातलं. मी म्हणालो, "म्हैस पाळतात, कोंबडी पाळतात. गांडुळं कशाला? ना दूध, ना अंडी. नुसती फुकटखाऊ!" शालन म्हणाली, "तुमाला न्हाय का पाळलंय?" आणि माझ्या हातात चाळण दिली. फौंड्रीत जन्मभर माती चाळलीय न्हवं, मग आता ही चाळा!

चाळलं. खोटं कशाला बोलू, खत झकास व्हायचं. चहापूड जशी. वास म्हणाल तर नांगरलेल्या शेताचा. गल्लीतल्या बायका घरातली सालं, देठं, पालापाचोळा हिच्याकडं आणायच्या आणि जाताना खत न्यायच्या. कुणाला आपल्या घरी करायचं असेल तर ही वाटीभर गांडुळं द्यायची, शेजारणीला दह्याचं विरजण द्यावं तशी. बघता बघता गल्लीच्या कोपऱ्यावरचा उकिरडा गेला. तिथं आता दोडक्याचा मांडव आहे, कडीपत्ता आहे, वांगी आहेत. ज्याला लागेल तो तोडतो. घंटागाडीवाला एकदा म्हणाला, "काकी, तुमच्या गल्लीत गाडी आणून उपेग न्हाय. कचराच न्हाय!" शालन आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडली. (साडीला कॉलर नसते. पण हिंडली.)

गांडुळांबद्दल ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तीन गोष्टी सांगायची. एक, ओल बघायची. दोन, बारीक चिरायचं. तिसरी मला माहीत नव्हती. बायकोचं बोलणं मी दोन मुद्द्यांपर्यंतच ऐकायचो.

पुढं सगळं झालं ते त्या तिसऱ्या गोष्टीनं.

ती गेली त्याच दिवशी कागलची माझी थोरली बहीण, आक्का, येऊन दाखल झाली. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. आल्या आल्या रडली, आणि रडणं संपल्यावर स्वयंपाकघराचा ताबा घेतला. परगावाहून आलेली सूनबाई बाजूला उभी राहिली, पोरगा दिवसकार्याच्या धावपळीत. आक्काचं एकच तत्त्व, दुःखात माणसानं जेवलं पाहिजे. आमटी, भाकरी, खर्डा, लोणचं. (सुतकात फोडणी देऊ नये म्हणतात. आमच्या आक्कानं हे कधी ऐकलेलं नाही.)

मला घास उतरत नव्हता. तोंडात फिरायचा आणि तिथंच बसायचा. आक्काला तसं सांगावं तर ती मांडीवर घेऊन भरवायला कमी करणार नाही, बहात्तर वर्षांच्या माणसाला! इकडं पिंपातल्या गांडुळांकडं तर कुणाचं लक्ष नाही. शालन असती तर आधी त्यांचं बघितलं असतं आणि मग माझं. ती गेली आणि तिची गांडुळं आठवड्यात उपाशी मेली, असं गल्लीत झालं असतं तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. फुकटखाऊ म्हणणारा मीच होतो.

म्हणून मी म्हणालो, "आक्का, मी मागच्या सोप्यात बसून जेवतो. तिथं जरा बरं वाटतं."

आक्कानं डोळ्याला पदर लावला. "बस बाबा. तिच्या गांडुळांपाशी बस."

बसलो. पिंपावरचं पोतं उचललं, आमटीत भाकरी बारीक कुस्करली (दुसरा मुद्दा!), वर खर्डा, वर लोणचं, आणि सगळं ताट पिंपात पालथं केलं. वरून थोडी माती ओढली. ताट चाटूनपुसून स्वच्छ.

आक्का खूश. "जेवला गं माझा भाऊ! लख्ख केलंय ताट!"

दुसऱ्या दिवशी दीडपट वाढलं. तिसऱ्या दिवशी दुप्पट. मी चहात भिजवलेल्या बटरवर दिवस काढत होतो आणि गांडुळं आक्काच्या हातचं जेवत होती. तिखट लागेल का, असं एकदा मनात आलं. पण म्हटलं, कोल्हापूरची गांडुळं आहेत. त्यांना काय साखरभात घालायचा?

पाचव्या दिवशी कवळी हरवली. कुठं काढून ठेवली आठवेना. शोधलीही नाही, जेवायचं कुणाला होतं! गाल आत गेले, तोंडाचं बोळकं झालं. भेटायला येणारी माणसं म्हणायची, "बाबूराव खचला बघा. तोंड कसं बसलंय." बोलायला गेलं की शब्द फसफसायचे. "कंठ दाटून येतोय हो बिचाऱ्याचा." मी मान खाली घालायचो. दुसरं काय करणार!

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी नेसरीहून माझा मेहुणा, शालनचा धाकटा भाऊ, दुखवटा काढायला आला. आमच्याकडं रीत आहे. सासरवाडीनं नवे कपडे आणायचे, मटण करून घालायचं, म्हणजे माणूस दुःखातून बाहेर पडला. मेहुण्यानं धोतर आणलं, टॉवेल आणला आणि अडीच किलो मटण आणलं. आक्कानं तांबडा रस्सा असा केला की वासानंच गल्लीतल्या चारजणांना ठसका लागला.

"दाजी, आज पोटभर जेवायचं. ताईची शपथ हाय तुमाला," मेहुणा म्हणाला.

मी ताट, वाटी, आणि वर आग्रहाचा, रश्श्यानं भरलेला तांब्या घेऊन मागच्या सोप्यात गेलो. आणि त्या पिंपाचा दुखवटा काढला.

चारच्या सुमाराला वळवाची एक सर येऊन गेली. आभाळ दाटून घरात अंधारल्यासारखं झालं, फरशी दमट झाली. पुढच्या खोलीत उकडायला लागलं म्हणून चहाला सगळे मागच्या सोप्यातच बसले. मी, आक्का, मेहुणा, सूनबाई. (पोरगा तेरावं उरकून नोकरीवर परत गेला होता.) मेहुण्यानं पायातल्या कापशीच्या चपला पिंपाशेजारी काढल्या. धोतर-टॉवेल खुर्चीवर. आक्का चहाचा घोट घेत पिंपाकडं बघत होती. बघता बघता तिचा घोट थांबला.

"बाब्या, हे पिंप हलतंया."

"पिंप कशाला हलंल?"

"मग त्याची भिंत हलतीया!"

पोत्याखालून गांडुळं बाहेर पडत होती. एक नाही, दोन नाही, सगळं गावच्या गाव! पिंपाच्या अंगावरून खाली, खालून फरशीवर, फरशीवरून न्हाणीकडं, घरात भांडून चुलत्याकडं राहायला निघाल्यासारखी! सूनबाई किंचाळली. आक्का "सापाची पिल्लं, सापाची पिल्लं!" करत खुर्चीवर चढली. (गेली सहा वर्षं तिला जिन्याची एक पायरी चढता येत नव्हती!) नवं धोतर खाली पडलं, त्याच्या घडीत दहा-बारा शिरली. मेहुणा पळायला उठला, घाईत चपलेत पाय घातला, आणि तसाच थांबला. चपलेत भाडेकरू आलेले होते.

मग मेहुण्याच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच उमटलं. त्यानं पाय हळूच बाहेर काढला आणि हात जोडले.

"दाजी... ही ताई हाय."

"कोण?"

"ताई! रक्षाविसर्जनाला कावळा कसा उशिरा शिवला, आठवतंय का? मला तवाच वाटलंतं, हिचा जीव कशात तरी अडकलाय. गांडुळांत अडकला हुता!" आणि फरशीवर गुडघे टेकून तो एका गांडुळाला म्हणाला, "ताई, काय चुकलं असंल तर पोटात घाल."

आक्कानंही खुर्चीवरूनच हात जोडले. "शालन, बाई, काय पायजे ते सांग."

इथं मी बोलायला पाहिजे होतं. पण दात नव्हते आणि धीरही नव्हता. मी मान खाली घातली. सूनबाई म्हणाली, "मामा, रडू नका."

आरडाओरडा ऐकून कांबळेबाई आल्या. बाई भुताखेताला मानत नाहीत. त्या चपला काढून, साडी वर खोचून गांडुळांतून वाट काढत सरळ पिंपापाशी गेल्या, पोतं उचललं आणि नाक वर केलं.

"यात रस्सा कुणी ओतला?"

मेहुण्यानं खुर्चीवरच्या आक्काकडं बघितलं.

बाईंनी खुरपं घेतलं आणि उकरायला सुरुवात केली. वर मटणाची नळी. त्याखाली कालची आमटी. त्याखाली लोणच्याच्या फोडी. सूनबाई वाकून बघत होती. "ही तर मामांची परवाची भाकरी... हा मंगळवारचा खर्डा..." एकेक थर निघत होता आणि आक्का खुर्चीवर आपोआप खाली बसत होती. शेवटी खुरप्याला खट्ट असं काहीतरी लागलं. बाईंनी ते बोटांनी उचललं, पदराला पुसलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं.

माझी कवळी!

मेहुण्याचे जोडलेले हात तसेच राहिले. म्हणाला, "आयला! गांडुळांस्नी दात आलं!"

आक्का हसली नाही. "बाब्या, दोन आठवडे तू जेवला न्हाईस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"एक घासबी?"

"उतरत न्हवता, आक्का." फसफसत सांगितलं, पण कळलं सगळ्यांना.

आक्का खुर्चीवरून उतरली, गांडुळं ओलांडत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग तोच हात तिनं तिथंच ठेवला. बराच वेळ.

"बाबूराव," कांबळेबाई म्हणाल्या, "शालनताई तीन गोष्टी सांगायच्या. तिसरी आठवते?"

मी दोन बोटं दाखवली.

"तिखट, मीठ, तेल घालायचं नाही. मटणाचं तर नावच नको! ती बिचारी गांडुळं जळत होती आतमध्ये, म्हणून पळाली."

"सगळी मेली?" मी विचारलं. दोन आठवड्यांत मला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"बरीच गेलीत. आता हातपाय हलवा."

पिंप रिकामं केलं, धुतलं. फरशीवरची, न्हाणीतली, धोतरातली, चपलेतली गांडुळं आम्ही ओल्या हातानं परातीत गोळा केली. मेहुणा प्रत्येकाला उचलताना "ये ताई, ये ताई" म्हणत होता, त्याला कुणी अडवलं नाही. परातीचा तळ जेमतेम झाकला. मी त्या तळाकडं बघत बसलो.

तेवढ्यात गल्लीतल्या बायका यायला लागल्या. कांबळेबाईंनी निरोप फिरवला होता. एकेकीच्या हातात वाटी, डबा, फुटका टोप. प्रत्येकात खत, आणि खतात वळवळणारी गांडुळं. शालननं दिलेल्या वाटीचीच पुढची पिढी. "विरजण नासलं की शेजारणीकडनंच आणत्यात की काका," एकजण म्हणाली आणि वाटी पिंपात पालथी केली. खाली सुका पाला, जुनं शेण, वर ही गांडुळं. पिंप भरलं. एवढी तर शालनच्या वेळीही नव्हती.

"आता पोटाला आराम द्या त्यांच्या," कांबळेबाई जाताना म्हणाल्या. "उद्या एखादी केळ्याची साल. बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. कवळी रात्रभर गरम पाण्यात, मग साबणानं, मग पुन्हा गरम पाण्यात होती. ती लावली. फळीवर केळी होती. सालीसाठी केळं सोलावं लागतं आणि सोललेलं केळं टाकलं तर शालन सोडणार नाही. म्हणून खाल्लं. उतरलं. साल विळीवर घेतली आणि नखाएवढे तुकडे केले, एकही मोठा नाही. पोत्याखाली घातले. मग वाटलं, एवढी मंडळी आलीत गल्लीतनं, एका सालीत काय होणार? दुसरं केळं सोललं.

ते तोंडात होतं तोवर आक्का मागं येऊन उभी राहिली. आधी पोतं उचलून आत वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघायला लागली.

"काय बघतीस?"

"खाल्लं का बघतीया."

"गांडुळं आत्ता कुठं खातील?"

"त्यांचा भरवसा हाय मला. तू आ कर."

केला.