एकाच पॉइंटवर कूलर आणि बाबा

आईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कामावर होते.

"पोरी, तुह्या बाबाचं मशीन बोलून नाई राह्यलं."

मशीन म्हणजे माझा जुना लॅपटॉप. घशाच्या कॅन्सरमध्ये बाबांचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून घरात बाबांच्या वतीने तो लॅपटॉपच बोलायचा.

डॉक्टर म्हणाले होते, लिहून बोलता येईल की. हो, येईल. पण समोरच्याला वाचता यायला पाहिजे ना! माझी आई भातकुलीकडची, लहानपणापासून शेतात निंदणाला, तण काढायला जाणारी. तिने शाळेचं तोंड पाहिलं नाही. लग्नानंतर बाबांनी तिला शिकवायला घेतलं होतं म्हणे, पण दोघांनी पाटीवरून असं भांडण केलं की तो विषय कायमचा मिटला. आता मी नोकरीच्या गावी, अकोल्याच्या घरात ही दोघंच. एकाला बोलता येत नाही आणि दुसरीला वाचता येत नाही.

गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणून पाहिलं. त्याच्या घरघरत्या आवाजात बाबांनी पहिल्यांदा आईला हाक मारली तर ती "बाप्पा!" करून दोन पावलं मागेच सरकली. बाबांनी यंत्र कपाटात टाकलं आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून जे पडले, ते कितीतरी दिवस तसेच. ताट पुढे केलं तरी हाताने बाजूला सारायचे. ऑपरेशनच्या वेळी मी घाबरले नव्हते एवढी त्या दिवसांत घाबरले.

मोबाइलवर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायची सोय असते, तीही करून दिली. पण बाबा कचेरीतले टायपिस्ट. त्यांच्या बोटांना दणकट बटणांची सवय, काचेवर एका वेळी तीन अक्षरं उमटायची. शेवटी मी लॅपटॉपवर जुन्या टाइपरायटरचा कळफलक बसवला, आणि बाबांची बोटं अशी धावली म्हणता! बाबा टाइप करायचे, एक बटण दाबायचे आणि आतला हिंदी बातम्या सांगितल्यासारखा आवाज म्हणायचा, "मले भूक लागली." आई हसून हसून बेजार व्हायची. "दिल्लीचा मानूस माह्या घरात वऱ्हाडी बोलते," म्हणायची. हळूहळू तो आवाज तिच्या अंगवळणी पडला. सकाळची बुद्धवंदनासुद्धा बाबा त्याच्याकडून म्हणवायचे आणि आई त्याच्याबरोबर म्हणायची.

"काय झालं पण? बंद कसं पडलं?" मी फोनवर जरा ओरडलेच.

"म्याच पिन काढली व. लय गरमी होऊन राह्यली होती, म्हून कूलर लावला. मले काय मालूम?"

त्या खोलीत एकच पॉइंट आहे. दोन-तीन पिना एकत्र लावायचा जोडबोर्ड होता तो मागेच जळाला, आणि नवा घेऊन जाऊ म्हणत मी दर खेपेला विसरले. लॅपटॉपची बॅटरी तर कधीचीच मेलेली. त्या वेळी पडद्यावर 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' असं लिहून आलं होतं, आणि बाबा बाहेर हात-पाय धूत होते. आईने ते वाचायचं कसं?

"आन् बाबा?"

"भितीकडे तोंड करून पडले."

मग माझं डोकं चालेना. आमच्या लॅबमधले सगळे कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालतात. ते ज्या पेनड्राइव्हवरून बसवतो तो मी पर्समध्ये टाकला, सरांना सांगितलं आणि अकोल्याची गाडी पकडली. मी लॅबमधली साधी सहायक. सरांनी सांगितलं तसं करते, स्वतःच्या भरवशावर कधी काही केलेलं नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत एकच विचार: ह्या खेपेला बाबा उठलेच नाहीत तर? बाहेरचं ऊन अंगाला चटके देत होतं.

आई दारातच उभी होती. हळूच म्हणाली, "माह्यावर रागावले व. पाह्यतबी नाई माह्याकडे."

बाबा खरंच भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी हाक मारली, त्यांनी नुसता हात हलवला. सकाळचं ताट झाकून तसंच होतं.

मी लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र आलं, मग काळोख, मग पुन्हा चक्र. किती वेळा केलं तरी तेच. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "फॉरमॅट मारा लागन म्याडम, आठ दिवसांनी घेऊन जा," म्हणाला. आठ दिवस! मी फोनच ठेवून दिला.

पेनड्राइव्ह लावला. काही न बसवता, नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. पडदा उजळला तेव्हा मला रडूच फुटलं. म्हणजे यंत्र जिवंत होतं, बिघडली होती ती आतली सिस्टिम. जुन्या डिस्कवर बाबांनी टाइप केलेलं सगळं जागच्या जागी होतं. ते मी दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घेतलं. पण तो दिल्लीवाला आवाज काही काढून घेता येईना. तो जुन्या सिस्टिमचा होता, तिच्याबरोबरच जाणार होता.

मग नवी सिस्टिम बसवायला घेतली, तसा पडद्यावर प्रश्न आला: डिस्क पूर्ण पुसून नवीन बसवायचं का? खरं सांगते, माझं बोट बटणावर टेकेना. पुसलं आणि नवीन बसलंच नाही तर? मी तथागतांच्या फोटोकडे पाहिलं, बाबांच्या पाठीकडे पाहिलं आणि दाबलं.

कूलर अर्थातच बंद. मे महिन्यातली अकोल्याची दुपार, वर पत्रे. आई पदराने वारा घेत होती. घामाने तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता. सवयीने तिचा हात पॉइंटकडे गेला, तशी मी किंचाळले, "नाई! हात नोको लावू!"

ती हात पोळल्यासारखी मागे सरली. बाबांची पाठही दचकली. मला स्वतःचाच राग आला, पण तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावला. व्होल्टेज गेलं वाटतं. आता लाइन गेली तर जुनंही नाही आणि नवंही नाही. "जाऊ नोको व माय, जाऊ नोको," मी पंख्यालाच म्हणत होते. आईनेही हात जोडले. पंखा रडत-रखडत फिरत राहिला आणि पुन्हा वेगात आला.

सिस्टिम बसली. टाइपरायटरचा कळफलक शोधता शोधता नाकी नऊ आले, पण सापडला. मग आवाज. मी 'नमस्कार' लिहिलं आणि बटण दाबलं.

रिकाम्या डब्यात तोंड घालून कोणी बोलावं, तसा आवाज. ना बाईचा, ना माणसाचा. आई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे गेली. "हे कोन व?"

झालं! आता हाही कपाटात जाणार. मला कपाटातलं ते यंत्र आठवलं, ते भिंतीकडचे दिवस आठवले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"बाबा, उठा," मी म्हटलं. "एकदा पाहून घ्या."

बाबा उठले. स्टुलावरच्या लॅपटॉपसमोर बसले, बोटं मोडली, कचेरीत मोडायचे तशी. आईकडे एकदाच ओझरतं पाहिलं आणि लगेच नजर काढली. टाइप केलं, बटण दाबलं.

"मशीन बंद कर. कूलर लाव. तू घामानं ओली झाली."

आई दारातच थांबली. मग म्हणाली, "तुमी रागावले नाई?"

बाबांची बोटं पुन्हा धावली. तो डब्यातला आवाज एकेक शब्द तोडत म्हणाला, "नाई. तुह्याकडे पाह्यलं का बोलावं वाटे. म्हून भितीकडे पाह्यत होतो."

एवढं झाल्यावर बाबांनी स्वतःच हात लांब केला आणि लॅपटॉपची पिन धरली, काढायला. आई पुढे आली. ज्या आवाजाला ती भ्याली होती, त्याच्या अगदी जवळ येऊन बसली आणि तिने बाबांचा हात पिनेवरून काढला.

"राहू द्या कूलर," पदराने मान पुसत ती म्हणाली. "बोला तुमी."

मी चप्पल घातली आणि नवा जोडबोर्ड आणायला निघाले.