लेन्सवरचा हात

केबिन रोडवरच्या कॅमेरा दुरुस्तीवाल्या काकांच्या चष्म्याच्या काचेवर कंपनीचा स्टिकर अजून तसाच आहे. त्यांचा कॅल्क्युलेटर प्लास्टिकच्या पिशवीत असतो, रिमोटही पिशवीत. बोलताना ते तोंडावर रुमाल धरतात, काचांवर थुंकी उडू नये म्हणून.

वडिलांचा जुना कॅमेरा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि लेन्सच्या रक्षणासाठी पन्नासचा फिल्टर मागितला, कारण लेन्सवर पन्नास लिहिलं होतं.

"ती फोकल लेंथ, तोंडाचं माप नव्हे. सगळे हेच मागतात," ते रुमालातून म्हणाले. "काट मारलेल्या गोलापुढचा आकडा बघायचा. हा बघ, एकोणपन्नास."

फिल्टर त्यांनी आधी उलटा फिरवला आणि आटे टकदिशी जुळल्यावर सुलटा. इतक्या हळुवार हाताने माझे वडीलही त्या लेन्सला शिवले नसतील. मग त्यावर त्यांनी दुसरा फिल्टर चढवला.

"हा कशाला, काका?"

"पहिल्यावर चरा पडला तर?"

दुसऱ्यावर झाकण बसवून त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि वरून रबर लावलं. "आता वीस वर्षं बघायला नको."

"पण फोटो?"

"तो मोबाइलवर काढतोस ना?"

मी कॅमेरा पिशवीतून बाहेर काढला आणि म्हटलं, तुमचाच काढतो. ते खूश झाले. केस विंचरून, रुमाल खिशात ठेवून ताठ बसले. मी झाकण काढून बटण दाबतोय तेवढ्यात बाहेरून एक टेम्पो धूळ उडवत गेला आणि काका लेन्सवर झेपावले.

त्यांचा माझ्याकडे तो एकच फोटो आहे. त्यात फक्त तळहात दिसतो. मी तो फ्रेम करून घेतलाय. फ्रेमवरचं प्लास्टिक काढायला अजून हात धजत नाही.