मामाच्या ट्रकचा कटआउट

मामाच्या ट्रकचा कटआउट मी जाळला. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून ट्रक चालू करायचा होता, दोन्ही वायरींवर वंगणाचा सारखाच काळा थर होता आणि मामा "थांब, मी बघतो" म्हणत चष्मा शोधत होता. मी थांबलो नाही. विज्ञान शाखेचा माणूस. मला प्लस-मायनस कोण शिकवणार? चिमटे उलटे लागले. बॉनेटखालून धुराची बारीक रेघ निघाली. मामा चष्मा लावून आला, आत डोकावला आणि म्हणाला, "पास झालास."

कटआउट म्हणजे रेग्युलेटर. डायनॅमोतून बॅटरीला किती वीज जाऊ द्यायची ते ठरवणारी मुठीएवढी काळी डबी. नव्या गाड्यांत ती आतच कुठेतरी लपलेली असते. मामाचा ट्रक माझ्यापेक्षा वयानं मोठा, त्यामुळे त्याची डबी बाहेर, पत्र्यावर बोल्टांनी बसवलेली.

एरवी मामानं हे काम महिनाभर रेंगाळत ठेवलं असतं. डिझेलचं इंजिन धक्का मारला की चालतं, दिवसा दिवे कोणाला हवेत? पण या वेळी गाठ ताईशी होती. ताई म्हणजे मामाची एकुलती एक मुलगी. तिचा फोन यायचा तो तब्येतीपुरता. भावजींची लांबच्या शहरात बदली झाली तेव्हा मात्र तिनं आपण होऊन विचारलं, "बाबा, सामान तुम्हीच न्याल ना?" हे वाक्य मामानं डिझेल पंपावर सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, मला तर पाठच झालं. त्या शहरात मोठ्या गाड्यांना दिवसा बंदी. शिरायचं तर अंधारातच, म्हणजे दिवे हवेतच. शनिवारपर्यंत ट्रक नीट झाला नाही तर दुसरी गाडी ठरवीन, असं भावजींनी कळवूनही टाकलं होतं.

घरं हलवणं हाच मामाचा धंदा. कोणाची गादी कुठे फाटली आहे आणि कोणत्या सोफ्याचा पाय विटेवर उभा आहे, हे त्याला त्या घरच्या सुनेपेक्षा जास्त ठाऊक. सामान उतरलं की लोक म्हणतात, एकदा या ना निवांत. मामा एकदा खरंच गेला होता. त्यांनी दारातच विचारलं, "काय राहिलं होतं?" त्यांना वाटलं, ट्रकात सापडलेलं काही द्यायला आला आहे. मामा म्हणाला, काही नाही, इकडून चाललो होतो. त्यानंतर तो कोणाकडे गेला नाही. स्वतः गॅरेजच्या मागच्या खोलीत राहतो. पलंग, स्टोव्ह आणि मामीचं सागवानी कपाट. मामी गेली, कपाट राहिलं.

आम्ही सुट्या भागांची दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, डबी कसली शोधता, गाडीच बदला. दुसऱ्यानं चकचकीत खोक्यातून नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढून दिला आणि डोळे मिटून लावा म्हणाला. आम्ही डोळे उघडे ठेवून लावला, पण उपयोग तेवढाच झाला. संध्याकाळी दिवे लावले तर रस्ता लख्ख. मामा हरखला. म्हातारीचा मोतीबिंदू काढला बघ, म्हणाला. आम्ही कौतुकानं दोन चकरा मारल्या. मग आंबूस वास आला. बॅटरी उकळत होती. डबी तिला नको तेवढी वीज पाजत होती, आणि तोच आमचा लख्ख उजेड. बघता बघता एक दिवा भक्कन पेटून विझला. दुकानदारानं विजेचा माल परत घेत नाही, ही पाटी बोटानं दाखवली.

मी भावजींशी बोलू का, असं विचारलं, तर मामा म्हणाला, "नको. तू काही जोडू नकोस आणि काही बोलूही नकोस."

शुक्रवारी गॅरेजवाल्यानं करंटकाकांचं घर सांगितलं. हे जुने ऑटो-इलेक्ट्रिशियन. दुकान कधीच बंद केलेलं, वर एकटेच राहतात. त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून एक जुना कटआउट काढला, कानाशी हलवून पाहिला, आतले वीज जोडणारे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, ट्रक चालू ठेवून पकडीनं स्प्रिंग जराशी वाकवली आणि मीटर लावला. पुन्हा वाकवली. मध्येच हात थांबवून हकिकती सांगायचे. मला वाटलं, काम मुद्दाम लांबवतायत. मामाला काही घाई दिसली नाही. त्यानंही ताईची सगळी कथा ऐकवली. शेवटी पैशांसाठी खिशात हात घातला, तर करंटकाका म्हणाले, "थंड गाडीचा आकडा खोटा असतो. माल भरून लांब जाऊन या. गाडी इथं आणा, मी गरम मोजतो. पैसे तेव्हा."

शनिवारी सामान भरून झालं. ट्रकात थोडी जागा उरली. ताई ती बघत म्हणाली, "बाबा, आईचं कपाट पण नेऊ या ना. तुम्हाला एकट्याला काय लागतं?"

मामानं ट्रक खोलीकडे वळवला. कपाटातले आपले शर्ट काढून पलंगावर ठेवले. आरसा गोधडीत गुंडाळून दोर स्वतः आवळला, मला हात लावू दिला नाही.

दिवे रस्ताभर एकसारखे जळले. पोचलो, उतरवलं. मामीच्या कपाटाला भिंत मिळाली. ताई म्हणाली, थांबा, चहा टाकते. पण शेगडी कोणत्या खोक्यात आहे ते कोणालाच आठवेना. मामाला आठवत होतं. त्यानं खोकं काढून दिलं आणि घड्याळ पाहिलं. उजाडायच्या आत ट्रक हद्दीबाहेर काढायला हवा होता. ताई गॅलरीत उभी राहून हात हलवत होती, मामा ट्रक मागे घेत होता, नजर बाजूच्या आरशात.

ट्रक तेव्हापासून व्यवस्थित चालतोय. करंटकाकांचे पैसे मात्र तसेच आहेत. मी आठवण करून दिली की मामा म्हणतो, "जाऊ की. गेलो, मोजलं, दिले, की संपलं. मग परत जायला निमित्त काय?" त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी तो ट्रक जरा हळू करतो. वरच्या खिडकीत करंटकाका असतात. मामा हॉर्न देतो आणि पुढे जातो.